पठ्ठ्याचं काळीज

विहिरीचं पाणी त्या साली लवकर खाली गेलं. दोघा भावांत एकच विहीर आणि एकच मोटर. पाणी भरपूर होतं तोवर कुणी किती घेतलं हे कुणी बघत नव्हतं. आता एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा, असं ठरलं होतं. दोघांच्याही रानात कांद्याची लागण चालू होती. रोप उपटून ठेवलं की ते थांबत नाही, वाफा ओला लागतोच.

त्या दिवशी पाळी थोरल्याची होती. मोटर लावली, पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं आणि लाइट गेली ती दिवसभर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली तेव्हा धाकटा मोटरीपाशीच बसलेला होता. त्यानं पाट फोडला आणि पाणी आपल्या रानाकडे वळवलं. पाळी दिवसाची ठरलीय, लाइटीची नाही, असं त्याचं म्हणणं.

थोरल्याच्या मुलाला सगळे पठ्ठ्या म्हणत. भरलेली गोणी एकट्यानं पाठीवर घ्यायचा, वर आणि इतरांना म्हणायचा, "तुम्ही बसा, मला वजन कमी पडतंय." त्या सकाळी तो दारात आरसा टांगून दाढी करत होता. त्याची बहीण टिल्ली रानातून आली आणि म्हणाली, "दादा, काकानं पाणी फिरवलं. आपली रोपं तशीच उघडी पडलीत."

त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि धावत सुटला. एक गाल साबणानं पांढराच होता.

"अरे, तोंड तरी पुसून जा!" आई आतून ओरडली. तो वळलाही नाही.

पुढचं शेजारच्या रानातल्या बायकांनी लांबून पाहिलं. पठ्ठ्या पाटापर्यंत धावत गेला, फावडं उचललं, पाट मोडायला लागला. धाकट्यानं फावडं धरलं. शब्दानं शब्द वाढला. धाकट्यानं पोराची कॉलर धरून ओढलं. पोरगा सुटला, दोन पावलं गेला आणि ओल्या वाफ्यात तोंडावर पडला. धाकटा तसाच उभा होता. मग एकदम तो बोंबलायला लागला. बायका पोचल्या तेव्हा त्यानं पोराला उताणं करून मांडीवर घेतलं होतं, आणि तोंडावरचा चिखल तो आपल्या सदऱ्यानं पुसत होता. पुसला की पुन्हा थोडा राहायचा. पोरगा गेला होता.

फौजदार दुपारी आला. धाकट्याला विचारायचीही गरज पडली नाही. "मी मारलं त्याला," असं तो आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगतच होता. फौजदारानं त्याला गाडीत बसवलं. धाकट्याची बायको, धाकटी म्हणत तिला, गाडीमागं थोडी धावली आणि मग रस्त्यातच बसली. तिच्याजवळ कुणी गेलं नाही.

*

तालुक्याच्या दवाखान्यामागं एक बसकी खोली होती. तिच्या दाराबाहेर बाकडं. थोरला बाकड्यावर बसला, आई भिंतीला टेकून जमिनीवर. आतून पाण्याचा आवाज येत होता, मध्येच लोखंडी ट्रेचा. थोरला दर आवाजाला दचकत होता.

"आत पोरगी आहे डॉक्टर," तो म्हणाला. "बाई माणूस. तिला काय जमणार आहे हे?"

आई दाराकडे बघत होती.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आली. चाळिशीची असेल. हातमोज्यांत राहून बोटं सुरकुतली होती. ती दोघांच्या समोर उकिडवी बसली. त्यामुळं थोरला उठून उभाच राहिला. डॉक्टर खाली आणि आपण बाकड्यावर, हे त्याला बरं दिसेना.

"बसा," ती म्हणाली. "मला काय दिसलं ते सांगते, आणि काय दिसलं नाही तेही. गळ्यावर सदऱ्याचा वळ आहे. पण वरच्या वर. आत स्नायूत रक्त साकळलेलं नाही, गळ्याचं हाड शाबूत आहे. डोक्याला मार नाही. नाकातोंडात चिखल होता, पण श्वासनळी स्वच्छ आहे. चिखलात गुदमरला असता तर तो आत ओढला गेला असता."

"म्हणजे?" थोरला म्हणाला.

"म्हणजे पडला तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता, किंवा थांबतच होता."

"मग मेला कशानं?"

"ते अजून मला माहीत नाही. पोटातलं आणि रक्त विषासाठी तपासायला पाठवतेय. मेंदूत काही फुटलेलं नाही, फुप्फुसात गाठ नाही. हृदय बघितलं. वजनाला ठीक, नळ्या मोकळ्या. या वयाचा माणूस असा उभ्या उभ्या जातो तेव्हा बहुतेकदा हृदयातच काहीतरी असतं, पण ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. मोठ्या शहरात एकजण फक्त हृदयंच तपासतात. पठ्ठ्याचं हृदय त्यांच्याकडे पाठवायचंय." तिनं सहीचा कागद पुढं केला. "बाकीचं शरीर आज तुम्हाला मिळेल."

आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "काळीज ठेवून घेणार?"

"हो."

"आणि पोराला तसाच नेऊ?"

बाईनं मान हलवली.  थोरल्यानं ती सांगेल तिथं सही केली. पोराला गाडीत ठेवताना आईच्या मनात आलं, गाल कुणीतरी पुसलाय. अर्धी दाढी मात्र तशीच होती.

संध्याकाळी त्याला पोचवून आले. घरी कुणी दिवा लावायला उठेना, तेव्हा टिल्लीनं लावला.

*

कांदा थांबत नव्हता. उपटलेलं रोप पिवळं पडायला लागलं. चार दिवस गेल्यावर थोरला उठला आणि रानात गेला. त्याच्यामागं आई, आईमागं टिल्ली. वाफ्याला पाणी दिलं. आता सगळ्याच दिवसांची पाळी त्यांची होती. धाकट्याचं रान समोरच पडलेलं. धाकटी एकटीच तिकडं ओणवी व्हायची, कोरड्या मातीत बोटानं भोक पाडून रोप खुपसायची आणि घागरीनं एकेका रोपाला पाणी घालायची. मोटरीला हात लावायची तिची छाती नव्हती. रोजानं येणाऱ्या बायका तिच्याकडे जाईनात. दुकानदार सामान द्यायचा, पण बोलायचा नाही.

आई बोटांनी माती दाबत पुढं सरकायची. कंबर मोडून यायची तेव्हा ती उभी राहायची आणि धाकटीच्या वाकलेल्या पाठीकडे बघायची. मग पुन्हा ओणवी व्हायची. त्या बघण्यानं तिला बरं वाटायचं. एवढ्या दिवसांत बरं वाटणारं तेवढंच काय ते होतं.

महिन्याभरानं दवाखान्यातून निरोप आला. थोरल्याला ताप होता, म्हणून आई एकटीच गेली.

या वेळी डॉक्टरीणबाईनं तिला आपल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. "विष नाही. काही घेतलेलंही नव्हतं," ती म्हणाली. "हृदयाचे बारीक बारीक काप करून पाहिले. सूज नाही, डाग नाही. मांस चांगलं होतं."

"चांगलं होतं तर बंद का पडलं?"

"हृदय मांसाचं असतं, पण चालतं विजेवर. तुमच्या मोटरीसारखं म्हणा. मोटर शाबूत असते, आणि वीज नीट आली नाही तर फिरत नाही. माणूस गेला की ती वीजही जाते. कापून काढलेल्या हृदयात ती मला शोधता येत नाही. म्हणून आता जिवंत माणसांना विचारावं लागतं." बाईनं खुर्ची जवळ ओढली. "नीट आठवून सांगा. घराण्यात कुणी तरुण वयात एकदम गेलंय? पळताना, भांडताना, पाण्यात? तुमच्या माहेरी, सासरी, कुठंही."

आईच्या डोळ्यांपुढं तिचा भाऊ आला. नदीत मासा असल्यासारखा पोहायचा. एका उन्हाळ्यात सगळ्यांच्या देखत मध्यापर्यंत गेला आणि हात न हलवता खाली गेला. ओरडलाही नाही. लोक म्हणाले, भोवरा. त्या जागी भोवरा कधीच नव्हता.

"नाही," आई म्हणाली.

"कुणाला चक्कर येते? धावताना, दचकल्यावर? क्षणभर शुद्ध हरपते?"

टिल्ली दोनदा पडली होती. एकदा शाळेत शर्यतीत, एकदा बैल अंगावर आला तेव्हा. दोन्ही वेळा पांढरीफटक पडली आणि लगेच उठून बसली. मास्तर म्हणाले, डॉक्टरला दाखवा. आईनं दाखवलं नाही. पोरीला फेफरं येतं असं एकदा बाहेर गेलं की ती घरातच राहिली असती. आणि आता तर तिचं ठरलं होतं. लाकडाच्या वखारीवाल्याच्या मुलाशी. मुलगा स्वतः येऊन बघून गेला होता, पुन्हा पुन्हा काहीतरी निमित्त काढून येत होता.

"नाही," आई म्हणाली. "आमच्याकडे असलं काही नाही. त्याला काकानं मारलंय, बाई. माणसांनी बघितलंय."

बाई तिच्याकडे बघत राहिली. "मला कारण मिळालं नाही तर मी 'कारण सांगता येत नाही' असं लिहीन," ती म्हणाली. "मग कोर्ट बघून घेईल, लोकांनी काय पाहिलं ते. पण हे जर रक्तातून आलेलं असेल, तर ते पठ्ठ्यापाशी संपत नाही. एवढंच सांगते. त्याची बहीण आहे ना?"

"ती बरी आहे," आई म्हणाली आणि उठली.

दवाखान्याच्या फाटकापाशी धाकटी उभी होती. तिच्या हातात नवऱ्यासाठी कोठडीत नेलेला डबा होता, तसाच भरलेला. "वहिनी," ती म्हणाली, "ते जेवत नाहीत. मी नेते आणि परत आणते. तुम्ही नुसता निरोप द्या, की जेव म्हणावं."

आईनं तोंड फिरवलं आणि चालायला लागली.

*

तिचं मन त्या दिवसापासून थाऱ्यावर नव्हतं. लागण संपत आली होती. ती टिल्लीवर नजर ठेवून असायची. घागर जड भरू नको, उन्हात जाऊ नको, जिना हळू चढ. टिल्ली वैतागायची. "मी काय काचेची आहे?"

एका दुपारी दोघी शेवटच्या वाफ्यात होत्या. गोठ्यातलं वासरू सुटलं आणि नव्या लागणीत घुसलं. टिल्ली हसत उठली आणि त्याच्यामागं धावली.

"पळू नको!" आई ओरडली. "टिल्ली! उभी राहा, पळू नको!"

टिल्लीला ते ऐकूच गेलं नाही. ती बांधावरून उडी मारून पलीकडे गेली आणि खाली बसल्यासारखी पडली. आई धावली. चिखलात तिचे पाय रुतत होते, एक चप्पल गेली. पोचली तेव्हा टिल्लीचे डोळे उघडे होते आणि त्यात काही नव्हतं. ओठ निळे. आईनं तिला छातीशी धरलं, गालावर मारलं, पुन्हा मारलं. 

मग टिल्लीनं एक मोठा श्वास ओढला. "काय झालं?" ती म्हणाली. "वासरू कुठंय?"

आई तिथंच चिखलात बसून राहिली. समोरच्या रानातून धाकटी घागर टाकून आली होती आणि बांधाच्या अलीकडे यायला बिचकत उभी होती. आईनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ये. हिला धर त्या बाजूनं. घरी नेऊ."

*

दुसऱ्या दिवशी आई टिल्लीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईच्या खोलीत शिरताच, बसायच्या आधीच, तिनं सगळं सांगितलं. भाऊ, नदी, शर्यत, बैल, कालचं. बाईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. टिल्ली आईकडे बघत होती.

टिल्लीला खाटेवर झोपवून हातापायाला चिमटे लावले, छातीवर गोल बिल्ले चिकटवले. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत आली. बाईनं ती खिडकीपाशी धरून पाहिली, पट्टीवर मोजपट्टी ठेवली, पुन्हा पाहिली. मग आईचीही पट्टी काढली. दोन्ही पट्ट्या तिनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"हा एक ठोका," ती बोट ठेवून म्हणाली. "ठोका पडल्यावर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला इतका वेळ घेतं. तुमचं आणि हिचं जास्त घेतं. एरवी काही बिघडत नाही. पण माणूस पळाला, घाबरला, संतापला, आणि नको त्या क्षणी पुढचा ठोका आला, की सगळी लय विस्कटते. हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढं जात नाही. पठ्ठ्याचं रक्त मी राखून ठेवलंय. ते आता तपासायला पाठवते. तिथून पक्कं कळेल, पण मला शंका वाटत नाही."

"माझ्याकडून आलं?" आईनं विचारलं.

"तुमच्याकडून. तुम्हाला तुमच्या आईकडून नाहीतर वडलांकडून. त्यात कुणाचा दोष नसतो."

टिल्ली खाटेवर उठून बसली होती. "गोळी आहे का ह्याला?"

"आहे. रोज घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. पोहायचं नाही, शर्यत नाही. काही औषधं तुला कधीच चालणार नाहीत, त्यांची नावं देते. गोळी घेऊन माणसं म्हातारी होतात."

"दादालाही चालली असती? गोळी?"

बाईनं पट्टीवरची मोजपट्टी उचलली. "कळलं असतं तर, हो."

टिल्ली आईकडे बघून म्हणाली, "मास्तर म्हणाले होते, दाखवा." एवढंच. मग ती बाहेर जाऊन बाकड्यावर बसली.

आई जागची हलली नाही. "म्हणजे भावोजींनी मारलं नाही," ती म्हणाली.

"गळा दाबला नाही, मार दिला नाही, हे मी लिहून देणार. कोर्टात उभं राहून सांगणार."

"त्यांनी ओढलं नसतं तर वाचला असता?"

"तो धावत आला होता, भांडत होता. तेवढंही पुरे होतं. ओढण्यानं भर पडली का, ते मला सांगता येत नाही. कुणीही छातीवर हात ठेवून सांगितलं तर विश्वास ठेवू नका." बाईनं पट्ट्या गुंडाळल्या. "त्याचं हृदय परत आलंय. न्यायचं असेल तर देते."

कापलेल्या काळजाची बरणी कापडात गुंडाळून आई बसमधून घरी आली. ती मांडीवर धरली होती. शेजारची बाई म्हणाली, "लोणचं का?" आई म्हणाली, "हो." टिल्लीनं खिडकीबाहेर तोंड केलं. पोराला जिथं मातीत ठेवलं होतं, तिथंच संध्याकाळी थोरल्यानं खड्डा घेऊन ती पुरली.

वखारीवाल्यांना टिल्लीनं स्वतःच सांगितलं. मुलगा ऐकून घेत होता, मान डोलावत होता. आईशी बोलून कळवतो म्हणाला. पुन्हा काही निमित्त काढून तो आला नाही. टिल्ली रोज सकाळी गोळी घ्यायची आणि आईशी कामापुरतंच बोलायची.

*

पठ्ठ्याच्या रक्तातही तेच निघालं, आणि बाईनं कोर्टात तसं सांगितलं. धाकटा सुटून आला तेव्हा पहिल्यांदा कुणी ओळखलंच नाही. गालफडं बसली होती, विजार कमरेला दोरीनं बांधली होती. लोक आता त्याच्याशी बोलायला लागले. दुकानदारानं स्वतःहून पुकारलं, चहा देऊ केला. तो थांबला नाही. घरी जाऊन जो बसला तो बाहेर पडेना. मोटरीकडे तर फिरकलाच नाही. थोरला दाराशी जाऊन म्हणाला, "पाणी घे, पाळी तुझी आहे." तो म्हणाला, "नको." थोरल्यानं स्वतः पाट फोडून त्याच्या रानात पाणी सोडलं आणि परत आला. दोघा भावांचं एवढंच बोलणं झालं.

आई दोन-तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि मागं फिरली. शेवटी एका सकाळी आत शिरली. धाकटी भांडी घासत होती, ती हात तसेच ओले ठेवून उभी राहिली. धाकटा भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. वहिनीला बघून तो उठायला लागला.

"बसा भावोजी," आई म्हणाली. ती त्याच्या समोर जमिनीवरच बसली.

"वहिनी, मी कॉलर धरली होती," तो ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला. "ते काही लिहू देत. मी ओढलं होतं त्याला."

"माहीत आहे."

"जोरात ओढलं होतं."

"माहीत आहे मला." आईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. नखांत माती होती. "मी ते विचारायला नाही आले. त्याच्याजवळ तुम्हीच होतात. शेवटी. दुसरं कुणी नव्हतं. फौजदारानं विचारलं, वकिलानं विचारलं, बाईंनी विचारलं, तुम्ही काय केलं ते. तो काय बोलला, ते कुणी मला सांगितलंच नाही."

धाकट्यानं मान खाली घातली.  धाकटी दारातून हलली नाही.

"भांडत होता," तो म्हणाला. "म्हणाला, काका, रोपं मरतील. मी म्हणालो, मरू दे. मग फावडं ओढलं मी. मग कॉलर. तो सुटला, आणि हसला थोडा."

"हसला?"

"हो. गालाला साबण होता ना, मी बघत होतो त्याच्याकडे, तर हसला. म्हणाला, दाढी तरी करू द्यायची होती. मग म्हणाला, थांब जरा काका. छातीला हात लावला आणि पडला. मला वाटलं, नाटक करतोय. लहानपणी करायचा तसं. मी म्हणालो, ऊठ, पुरे झालं." त्यानं गुडघे अजून जवळ घेतले. "मी उभाच राहिलो वहिनी. ऊठ म्हणत उभाच राहिलो."

आई ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, ते शब्द ती स्वतःशी म्हणत होती. हसला. दाढी तरी करू द्यायची होती. थांब जरा काका.

धाकटीनं पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मध्ये ठेवला. कुणी उचलला नाही.

"पुन्हा सांगा," आई म्हणाली.

"काय?"

"सगळं. तो लांबून येताना दिसला तिथून."

धाकट्यानं बाहीनं तोंड पुसलं. तो भिंतीला टेकून सरळ बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.